मेजरसाहेब, मी आणि जीवदानीचा डोंगर

६ ऑगस्ट २००६, रविवार

आजपासून डायरी. जानेवारीत एका ट्रान्सपोर्टवाल्याने दिली होती. सात महिन्यांची पानं कोरी गेली, पण त्या काळात लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं. आता घडणार आहे.

पार्श्वभूमी अशी. मार्चमध्ये उन्नतीच्या दहावीच्या वेळी सुमेधा जीवदानीला नवस बोलली. पोरगी गणितात सुटली तर नवरात्रात आम्ही नवराबायको जोडीने, पायी, सगळ्या पायऱ्या चढून येऊ आणि तुझी ओटी भरू. यातलं ‘आम्ही’ मला न विचारता. उन्नती सुटली. काठावर, पण सुटली. देवीने आपलं काम केलं, आता आमची पाळी.

दुपारी मेहुणा संकेत जेवायला होता. त्याने हसत विचारलं की भावोजी, झेपणार का? हसायचं काय त्यात? मी सांगितलं की ओटीचं ताट मी स्वतः हातात घेऊन चढणार आणि वाटेत एकदाही बसणार नाही. आई चष्म्यावरून बघायला लागली. सुमेधाही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. कौतुकाने.

संध्याकाळी गॅलरीतून डोंगर नीट पाहिला. फुलपाड्यात राहण्याचा हा एक फायदा, डोंगर समोरच. वाटतो तेवढा उंच नाही.

७ ऑगस्ट, सोमवार

कामणच्या गोदामात आमच्या डिस्पॅचला परेश आहे. दंड असे की शर्टाच्या बाह्या त्याला होत नाहीत. त्याच्याशी चर्चा केली. तो म्हणाला, सर, सिंपल आहे, दर रविवारी डोंगर चढा, नवरात्रापर्यंत आपोआप तयार व्हाल. मला हसू आलं. डोंगराची तयारी डोंगरावरच करायची, ही अडाणी पद्धत झाली. सायन्स कुठे आहे त्यात?

शेवटी त्याच्याकडून दोन सीडी आणल्या. अमेरिकन लष्करातून रिटायर झालेला एक गृहस्थ घरच्या घरी फौजी ट्रेनिंग देतो. त्याला बूट कॅम्प म्हणतात. पहिली सीडी सोपी, दुसरी कडक. कव्हरवर ते स्वतः उभे आहेत. चट्ट्यापट्ट्यांची पँट, मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर. मी त्यांचं नाव मेजरसाहेब ठेवलं.

सुमेधाने कव्हर दोन्ही बाजूंनी बघितलं, मला बघितलं, आणि आत आईकडे गेली. दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मी पाणी प्यायला गेलो तर आई तिच्या पानाच्या चंचीत हात घालून काही शोधत होती. मला बघून दोघी गप्प. घरात एकंदर उत्साहाचं वातावरण आहे.

८ ऑगस्ट, मंगळवार

पहिली सीडी पूर्ण पाहिली. बसून. आधी थिअरी पक्की हवी. सोबत थोडा चिवडा.

१० ऑगस्ट, गुरुवार

आज प्रत्यक्ष सुरुवात. वॉर्म-अप केला. वॉर्म-अप हाच मुळात एक संपूर्ण व्यायाम आहे, हे लोकांना माहीत नसतं. मेजरसाहेब इंग्रजी भराभर बोलतात, पण ‘गो, गो, गो’ स्पष्ट कळतं. ‘गो’ म्हटल्यावर कुठे जायचं हे कळत नाही. टीपॉय आणि आईची खुर्ची यांच्यामध्ये जागा बेताची आहे.

आई पूर्ण वेळ टीव्हीसमोर बसून गवार निवडत होती. तिला मेजरसाहेबांची फार दया आली. बिचारा किती घामाघूम झालाय, त्याला कुणी पाणी तरी द्या, म्हणाली. मीही घामाघूम होतो. माझ्याकडे तिची पाठ होती.

११ ऑगस्ट, शुक्रवार

अंग इतकं दुखतंय की दात घासताना ब्रश स्थिर धरून डोकं हलवलं. लक्षण उत्तम आहे. परेश म्हणतो, दुखलं म्हणजे लागू पडतंय. आज विश्रांती.

१२ ऑगस्ट, शनिवार

विश्रांती.

१३ ऑगस्ट, रविवार

रविवार होता.

१७ ऑगस्ट, गुरुवार

पुन्हा सुरुवात. उड्या मारायचा भाग. हात वर, पाय फाकून, पुन्हा जवळ. तिसऱ्या का चौथ्या उडीला बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे ऑगस्टीन अंकल. मूळचे गिरीजचे, केळीची वाडी भावाच्या हवाली करून इथे मुलाकडे राहायला आलेत. अंगात बनियन, डोक्यावर चुन्याची भुकटी. म्हणाले, काय रे बाबा सदानंद, वर घोडा बांधलाय काय? माझा फॅन डोलतोय, इथे मी जीव मुठीत धरून पेपर वाचतोय.

मी त्यांना नवसाचं सांगितलं. नवस म्हटल्यावर माणूस विरघळला. त्यांच्याकडेही माऊंट मेरीला मेणबत्ती बोलतात, म्हणाले. मग सुचवलं की उड्या मारायच्या आधी वरून जमिनीवर दोनदा ठोकत जा, म्हणजे मी फॅनखालून उठेन. समजूतदार शेजारी मिळायला भाग्य लागतं.

यापुढे उड्या मनातल्या मनात मारणार. हालचाल तीच, फक्त पाय जमिनीवर.

२१ ऑगस्ट, सोमवार

पाण्याचं लिहायला हवं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, आम्ही चौथ्या मजल्यावर. पाणी खालच्या टाकीत येतं आणि नेमके त्याच वेळी लाईट जातात, म्हणजे पंप बंद. मग बायका हंडे-कळश्या घेऊन वर-खाली करतात. आजवर मीही अधूनमधून एखादी बादली आणायचो.

आज सुमेधाने विचारलं की पिंप भरेपर्यंत चार खेपा माराल का. मी तिला शांतपणे समजावून सांगितलं की माझं ट्रेनिंग चालू आहे. त्यात जिने चढले तर पायांवर डबल लोड येतो, त्याला ओव्हरट्रेनिंग म्हणतात, त्यात मोठमोठे खेळाडू संपलेत. पाय नवरात्रासाठी राखून ठेवायला हवेत. हे सगळं तिच्याच नवसासाठी चाललंय.

ती दोन हंडे आणि कळशी उचलून गेली. तिला पटलं.

२३ ऑगस्ट, बुधवार

पाय राखण्याचं धोरण कडक केलं. ऑफिसची बस पकडायला एकदा खाली, आल्यावर एकदा वर. बाकी सगळं गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून. दूध, पाव, कोथिंबीर. पिशवी वर ओढताना खांद्यांना व्यायाम होतो तो वेगळा.

आज लाईट गेले तेव्हा मेजरसाहेब नेमके हवेत होते. टीव्ही बंद. व्यायाम अर्धवट राहिला, पण यात माझा दोष काय? उलट लाईट आल्यावर सीडी पहिल्यापासून लावावी लागते, म्हणजे पुन्हा प्रस्तावना. प्रस्तावना आता मला तोंडपाठ आहे.

२७ ऑगस्ट, रविवार. गणेश चतुर्थी

मोदक. प्रसादाला नाही म्हणता येत नाही.

२८ ऑगस्ट, सोमवार

कालच्याप्रमाणेच.

४ सप्टेंबर, सोमवार

गोदामातल्या मोठ्या काट्यावर वजन केलं. पोत्यांचा काटा, चूक शक्य नाही. वजन वाढलंय. परेशला सांगितलं की मसल चरबीपेक्षा जड असते, हे त्याचंच वाक्य. परेश काट्याकडे बघत म्हणाला, हो सर, पण ती मसल कुठे आहे? त्यावर हमाल हसले. आपल्याकडे चेष्टेला फार लवकर सुरुवात होते.

९ सप्टेंबर, शनिवार

पक्ष पंधरवडा सुरू झालाय. या दिवसांत कुठलंही नवीन काम सुरू करू नये. आज दुसरी सीडी सुरू करणार होतो, ती पुढे ढकलली. आई म्हणाली, व्यायामाला कुठे पक्ष असतो रे? आईचा धर्मशास्त्राचा अभ्यास कमी आहे.

आई हल्ली रोज चारला पहिली सीडी स्वतःच लावते. उन्नतीने बटणं शिकवली. खुर्चीत बसून मेजरसाहेबांबरोबर हात वर-खाली करते. आखडलेला खांदा मोकळा झाला, म्हणते. काल वेणी स्वतः घातली. मानसिक परिणाम असतो हा.

१६ सप्टेंबर, शनिवार

सुमेधा आज जेवताना म्हणाली की उद्या रविवार आहे, पहाटे दोघं जाऊन नुसते अर्ध्या पायऱ्या चढून येऊ या का. अंदाज येईल. आवाज जरा वेगळा होता, आग्रहाचा नव्हे, विचारते तसा.

मी म्हटलं की अंदाज मला आहे. शिवाय आधीच चढलं तर नवसाच्या दिवसाची मजा काय राहिली?

ती म्हणाली, मजेसाठी नाही हो बोलले मी नवस. उन्नतीच्या पेपरच्या आदल्या रात्री पोर थरथरत होती, तुम्ही घोरत होतात. मला दुसरं काही सुचलं नाही, समोर डोंगरावरचा दिवा दिसत होता, त्याला हात जोडले. तेव्हा तोंडातून ‘आम्ही दोघं’ असंच आलं. एकटी येते म्हणायचं सुचलंच नाही.

मी आमटी वाढून घेतली. मग तिला शब्द दिला की मी तुझ्याबरोबर देवीसमोर उभा असेन. आणि मी असणारच आहे. हे मी इथे लिहून ठेवतो.

१७ सप्टेंबर, रविवार

पहाटे उठून दुसरी सीडी लावणार होतो. उठलो तेव्हा पहाट होऊन गेली होती.

२३ सप्टेंबर, शनिवार. घटस्थापना

डोंगरावर रोषणाई केलीय. खालपासून वरपर्यंत दिव्यांची माळ दिसते. दिव्यांमुळे डोंगर उगाच उंच वाटतो. दिवसा तसा नाही.

पुढचा रविवार, म्हणजे नवमी, पक्की झाली. एक आठवडा भरपूर आहे. दुसरी सीडी उद्यापासून.

२७ सप्टेंबर, बुधवार

दुसरी सीडी उद्यापासून.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

परवा नवमी. परेशने बजावलं की सर, आता काही करू नका, दोन दिवस पायांना आराम द्या. मी त्याला म्हटलं, आजवर आरामच दिलाय. म्हणजे, योजनाबद्ध आराम. पण एवढी वर्षं परीक्षा दिल्या त्या कशा? आदल्या दिवशी सगळा पोर्शन रिव्हाइज करूनच ना? पाठ केलेलं ताजं राहतं. बी.कॉम. मी असाच झालो.

उद्या सुट्टी टाकली आहे. दोन्ही सीडी, सलग.

३० सप्टेंबर, शनिवार. दुपारी

झालं! दोन्ही सीडी! सुमेधा बाजारात ओटीचं सामान आणायला गेली होती, उन्नती क्लासला. जमिनीवर दोनदा ठोकून ऑगस्टीन अंकलना इशारा दिला आणि सुरुवात केली. लाईटही गेले नाहीत. देवीचीच इच्छा. दुसऱ्या सीडीत बसून-उठायचा प्रकार फार आहे, दर वेळी मेजरसाहेब ‘वन मोर’ म्हणतात आणि ते कधीच वन नसतं. पण मी सोडलं नाही. शेवटी आईने टाळ्या वाजवल्या. मेजरसाहेबांसाठी की माझ्यासाठी ते विचारलं नाही.

अंग हलकं झालंय. पायांत काहीतरी जिवंत झाल्यासारखं वाटतंय. आत्ता या क्षणी निघालो तर डोंगर पळत चढेन. संकेतला फोन करून तसं सांगितलं.

१ ऑक्टोबर, रविवार. नवमी. पहाटे

पाय वाकत नाहीत.

त्याच दिवशी, रात्री

नीट लिहितो.

पहाटे पलंगावरून उतरण्यासाठी आधी पालथा झालो, मग घसरलो. गुडघ्यांच्या वरचा भाग लाकडाचा झाला होता. सुमेधाने तेल चोळलं. मी म्हटलं, चालायला लागल्यावर सैल होईल. चार मजले उतरलो ते कठडा धरून, खेकड्यासारखा आडवा. ऑगस्टीन अंकल दार उघडून उभे होते. त्यांनी छातीवर क्रूस केला.

सुमेधा हिरव्या साडीत होती. पदराच्या टोकाला गाठ मारलेली दिसली. काय आहे विचारलं तर म्हणाली, असू दे. उन्नती मागून. ताट माझ्या हातात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. गर्दी खूप. पायथ्याशी चपला काढून ठेवल्या आणि मी मोठ्याने देवीचा जयजयकार केला. पुढच्या दोघातिघांनी वळून साथ दिली.

पहिल्या काही पायऱ्या उत्तम गेल्या. मग ताट उन्नतीकडे दिलं, कारण हात मोकळे असले की तोल राहतो. मग सुमेधाचा खांदा धरला. मग दोन्ही हातांनी कठडा धरला. एक म्हातारी आजी कडेवर नातू घेऊन माझ्या बाजूने वर गेली. नातू वळून माझ्याकडे बघत होता.

लिंबू सरबताचा ठेला आला तिथे पायांनी हात टेकले. मी बसलो. बसलो म्हणजे बसवलो गेलो. बराच वर आलो असं मला वाटलं होतं. उन्नती म्हणाली, बाबा, अजून आपल्या चपला दिसतायत.

सुमेधा माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं, मलाही चिडता आलं असतं. तिने सरबत घेऊन माझ्या हातात दिलं, घाम पुसला, आणि म्हणाली, तुम्ही इथेच बसा, उन्हात जाऊ नका. तोंडाने म्हटलं की थांब, येतो मी. पाय म्हणाले नाही.

त्या दोघी चढत गेल्या. सुमेधा झपाझप चालत होती. मला आश्चर्य वाटलं, एवढा दम हिला आला कुठून? मग हंडे आठवले. पहिल्या वळणावर तिने मागे वळून बघितलं. मी हात केला, पुढे जा असा. मग ती दिसेनाशी झाली. वाईट वाटलं. डायरी माझी आहे, इथे काय लपवायचं? फार वाईट वाटलं. नवस जोडीने बोललेला. देवीने पोरीला काठावरून उचलून पास केलं आणि मी सरबताच्या ठेल्यावर. आता देवीला सुमेधा काय सांगणार, नवरा चपलांपाशी आहे?

दुपारी त्या उतरल्या. सुमेधाच्या कपाळावर मळवट, चेहरा मोकळा, हसरा. माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाली, फिटला नवस. जोडीने.

मी म्हटलं, जोडीने कसा?

उन्नतीला हसू आवरेना. तिनेच सांगितलं. सुमेधाने वर गेल्यावर पदराची गाठ सोडली. आत सुपारी. पूजेला जोडीदार हजर नसला की त्याच्या जागी सुपारी मांडतात, ती. देवीसमोर ओटी ठेवली, शेजारी सुपारी ठेवली, हात जोडले. झाली जोडी.

मी लगेच म्हटलं की ती सोय पुरुषांसाठी आहे, बायको पूजेला बसू शकत नसेल तेव्हाची. उलटं चालतं हे कुणी सांगितलं? सुमेधा म्हणाली, आईंनी. सुपारीही त्यांनीच दिली. चंचीतली, निवडून.

माझ्या आईने. माझ्या सख्ख्या आईने.

२ ऑक्टोबर, सोमवार. दसरा

पाय थोडे वाकतात. जिथे वाकतात तिथे दुखतात.

शांत डोक्याने विचार केला. सुपारी हा माझा अधिकृत प्रतिनिधी. माझ्या नावाने गेली, माझ्या नावाने उभी राहिली, म्हणजे शास्त्राप्रमाणे मी वर जाऊन आलो. सकाळी ऑगस्टीन अंकलनी विचारलं, चढलास काय? मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि अभिनंदन केलं.

आईने सुपारीला हळदकुंकू लावून ती टीव्हीवर, सीडी प्लेअरच्या शेजारी ठेवली आहे. संध्याकाळी सोनं वाटलं. आपट्याचं पहिलं पान देवाला. दुसरं सुपारीला. तिसरं मला.

मग सुमेधाला एकटीला गाठून विचारलं. गाठ काल पहाटे मारलीस ना, माझे पाय बघून? म्हणाली, गाठ काल मारली. सुपारी तुम्ही सीडी घरी आणलीत त्याच दिवशी घेऊन ठेवली होती.

म्हणजे ऑगस्टमध्ये. मी उडी मारायच्याही आधी.

तीच पुढे म्हणाली की मारली गाठ, पण दर वळणावर मागे बघत होते. वरच्या शेवटच्या पायरीवरही थांबले होते थोडी. वाटलं, येताय की काय. मग गाठ सोडली.

एवढ्यात खाली पाणी आलं आणि लाईट गेले. सुमेधा नेहमीप्रमाणे हंडे घ्यायला उठली. मी कळशी घेतली. ती म्हणाली, राहू दे, पाय दुखतायत. मी म्हटलं, दुखू देत. खाली गेलो, भरली, वर निघालो. ती दोन हंडे घेऊन माझ्या पुढे गेली, पिंपात ओतून परत खाली आली, तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावर होतो. पायरीवर, कळशी मांडीवर घेऊन. मला वळसा घालताना म्हणाली, सुपारी बरी होती हो, वाटेत बसत नव्हती.

आणि हसली. मग रिकामे हंडे खाली ठेवून माझ्याजवळ बसली, मी उठेपर्यंत.

दुसरी सीडी उद्या परेशला परत. पहिली आईला लागते. डोंगराकडचं गॅलरीचं दार लावून घेतलं आहे, हवा फार गार येते.